अल्फा रोमिओतल्या गोवऱ्या

भोर तालुक्यात गुन्हे इतके कमी का होतात, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल तर त्याचे उत्तर मी आहे. मी म्हणजे कुंडलिक दामगुडे. भोरच्या बाजारपेठेत माझी पाटी आहे. वरच्या ओळीत 'कुंडलिक टेलर्स' आणि खालच्या ओळीत 'गुप्त तपास केला जाईल'. पाटी रंगवणाऱ्याने 'गुप्त' हा शब्द सगळ्यांत मोठा काढला, त्यामुळे माझे गुप्त काम पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहे. माझी नजर तीक्ष्ण आहे, बुद्धी त्याहून तीक्ष्ण आहे, आणि माझी नम्रता तर अशी की तिच्याबद्दल मी स्वतःच लोकांना सांगत असतो.

शिंप्याने गुप्तहेर कसे व्हावे, असे काही जण विचारतात. अहो, शिंप्यानेच व्हावे. माणूस पोलिसांशी खोटे बोलतो, बायकोशी बोलतो, देवाशीही बोलतो. टेपशी बोलून दाखवा म्हणावे. कंबर बत्तीस सांगणाऱ्या माणसाची कंबर अडतीस निघाली की त्याच्या पुढच्या सगळ्या जबानीतून सहा-सहा वजा करायचे, ही माझी पद्धत आहे.

माझा मदतनीस सोनबा हा माझा मेहुणा. तो काजबटणे करतो. त्याला कल्पनाशक्ती अजिबात नाही, समोर जे दिसेल तेवढेच त्याला दिसते. अशा माणसाला या धंद्यात भवितव्य नाही, पण बायकोचा भाऊ म्हणून ठेवून घेतला आहे.

एकाहत्तर सालच्या दसऱ्याला आम्ही दोघे भोंगवलीला आनंदरावांकडे गेलो, ते मात्र शिंपी म्हणूनच. त्यांच्या मोटारीसाठी मी खाकी कापडाची खोळ शिवली होती, ती द्यायला. आनंदराव म्हणजे भोंगवलीचे बडे बागायतदार. बागायत त्यांची बायको लीलाबाई बघायच्या, आणि आनंदराव मोटारीकडे बघायचे.

मोटार इटालियन, अल्फा रोमिओ, लालभडक, दोन माणसांची. अशा इटालियन मोटारी आमच्या भोर-वेल्हे भागात तीन होत्या, हे ऐकून पुण्याचे लोक हसतात. पण ते खरे आहे. आनंदराव, वेल्ह्याचे मानसिंगराव आणि नसरापूरचे रामभाऊ हे तिघे मागे द्वारकेच्या यात्रेला गेले होते, तेव्हा वाटेत काठेवाडातल्या कुणा संस्थानिकाच्या गॅरेजचा लिलाव चालला होता. यात्रेहून लोक गोपीचंदन आणतात. या तिघांनी मोटारी आणल्या. मानसिंगरावांची निळी लान्शिया, रामभाऊंची पांढरी मासेराती. मग तिघांनी मिळून 'इटालियन मोटार मालक स्नेहमंडळ' काढले. सभासद तीन, तिघेही अध्यक्ष.

मंडळाचे काम म्हणजे एकमेकांच्या मोटारींभोवती फेऱ्या मारणे. दर दसऱ्याला मोटारी आनंदरावांच्या अंगणात यायच्या, बैल जुंपून. इटालियन इंजिनाला आपली हवा मानवत नाही, ते तापते, म्हणून चालवत आणायचे नाही, असा मंडळाचा ठरावच होता. मानसिंगरावांची बैलजोडी वेल्ह्याहून वाटेत मुक्काम करत करत यायची आणि बैल आल्यावर मंडळाकडे ज्या नजरेने बघायचे, ती मी विसरणार नाही.

आम्ही पोचलो तेव्हा तिघे अध्यक्ष खुर्च्या टाकून बसले होते. बाजूला आनंदरावांचा जुना गडी गेनबा तिन्ही मोटारी धूत होता. मळ्याकडून पाटाने पाणी येत होते आणि पंपाचा आवाजही येत होता.

"माझी तासाला एकशे दहा मैल पळती," रामभाऊ म्हणाले.

"कधी पळवली?" सोनबाने विचारले.

"रस्ता कुठं हाय तसा? इटलीचा रस्ता आणा, मग दाखवतो."

"आमची लान्शिया पळायचं लांब ऱ्हायलं, नुसती उभी असली तरी पळल्यावानी दिसती," मानसिंगराव म्हणाले.

आनंदराव मात्र पुढचे बोलले. "पळणं कुणाला चुकलंय? एसटीसुद्धा पळते. इंजिनाचं खानदान बघा. मी बॉनेटला कातडी पट्टा आणि कुलूप का घातलंय? अशा इंजिनाला परकी नजर सोसत नाही."

इंजिन म्हटल्यावर तिघांनीही क्षणभर डोळे मिटले. मी खोळ मोटारीवर चढवून पाहिली. मागे चपखल बसली, पुढे चार बोटे तोकडी झाली. मोटारीचे नाक वर उचललेले होते. माझे माप चुकत नाही, त्यामुळे हा त्या मोटारीचा इटालियन ताठा असणार, हे मी लगेच ओळखले आणि सांगितलेही. आनंदरावांना ते फार आवडले.

"पंप कुठला हो तुमचा?" रामभाऊंनी मध्येच विचारले. "आमचा फटफटतो. ह्यो लई गोड घुमतोय."

"असेल कुठला तरी," आनंदराव म्हणाले. "मळ्याचं सगळं ही बघते. मला मोटारीतून वेळ कुठं मिळतो."

मलाही त्या घुमण्याचा त्रास होत होता. बुद्धीची कामे करणाऱ्याला शांतता लागते. तेवढ्यात लीलाबाई पूजेचे ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात हळदकुंकू, नारळ आणि झेंडूची भली मोठी माळ. मोटारीसाठी कुंकवाची वाटी आणि एक बारकी माळ त्यांनी आनंदरावांपुढे ठेवली.

"मळ्यातल्या पंपाला हळदकुंकू वाहून येते," त्या म्हणाल्या. "तुमचं चालू द्या."

"पंपाला कसली एवढी माळ?" आनंदराव म्हणाले. "इथं इटली उभी आहे, तिला ही बारकी, आणि पंपाला ती मोठी."

लीलाबाई मोठी माळ घेऊन गेल्या. बायकांना यंत्रायंत्रांतला दर्जा कळत नाही, हे मी सोनबाला हळूच समजावले.

आता दसऱ्याला अवजारांची आणि वाहनांची पूजा सगळेच करतात. आनंदराव दरवर्षी बॉनेटवर कुंकू लावत. पण मागच्या वर्षी हळदीच्या पाण्याचा ओघळ लाल रंगावर गेला आणि डाग पडला. तो डाग घालवण्यात त्यांचे वर्ष गेले. म्हणून या वर्षी त्यांनी ठरवले, की रंगाला हात लावायचाच नाही, कुलूप काढून थेट इंजिनाला कुंकू लावायचे. किल्ल्यांचा जुडगा घरातून मागवला, पट्टा सोडला, बोट कुंकवात बुडवले आणि बॉनेट उचलले.

आत गोवऱ्या होत्या.

शेणाच्या, गोल, वाळलेल्या, एकावर एक नीट रचलेल्या गोवऱ्या. इंजिन नव्हते. आनंदरावांचे कुंकवाचे बोट तसेच वर राहिले, आणि मग ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी तेच बोट कपाळाला लावून घेतले, म्हणजे डोके धरताना लागले.

"चोरी," मी म्हणालो. पहिला शब्द माझाच होता, हे नोंदवून ठेवा.

नेमका त्याच वेळी मळ्यातला पंप थांबला. बरे झाले. आता माझे डोके चालू शकत होते.

मी टेप काढून गोवऱ्या मोजल्या. "चोर हुशार आहे," मी जाहीर केले. "इंजिन काढल्यावर मोटार हलकी होऊन उघडकीला येऊ नये, म्हणून त्याने तेवढ्याच वजनाच्या गोवऱ्या भरल्या."

"दाजी," सोनबा म्हणाला, "गोवऱ्या हलक्या असतात. पुढचा भाग उचललेलाच हाय की."

सोनबाचे हे असे असते. मी त्याला गप्प केले आणि दुसऱ्या धाग्याकडे वळलो. गेल्या महिन्यात नसरापूर फाट्यावर लांब केसांचा एक गोरा माणूस फिरताना मी स्वतः पाहिला होता. इटलीने आपले इंजिन परत न्यायला माणूस पाठवला होता, हे उघड होते.

"त्यो व्हय?" रामभाऊ म्हणाले. "त्यो आमच्या ओट्यावर केळी खात पडून हुता. त्याला सोताची पिशवी उचलत नव्हती, इंजिन काय उचलतोय."

म्हणजे आतला माणूस. ज्याला मत्सर वाटतो असा. मी मानसिंगराव आणि रामभाऊ यांच्याकडे रोखून पाहिले आणि दोघांची मापे घेतली. मानसिंगराव कंबर छत्तीस म्हणाले, निघाली चव्वेचाळीस. खोटे पकडले गेले. पण त्याच चव्वेचाळीसने ते सुटलेही, कारण एवढ्या पोटाने बॉनेटवर ओणवे होणे शक्य नाही. तसे मी सर्वांसमक्ष सांगितले. मानसिंगरावांनी आभार मानले नाहीत.

राहिला गेनबा. मोटारीला रोज हात लावणारा एकटा तोच. मी त्याला समोर उभा केला. साठी उलटलेला, किडकिडीत, हातात ओले फडके.

"गेनबा, मोटारीतलं इंजिन कुठं आहे?"

"कुठं म्हंजी?" तो म्हणाला. "जितं ठिवलंय तितंच हाय की."

"ठेवलंय? कुणी ठेवलं?"

"आमीच. मी हुतो, मिस्त्री हुता, आनखी दोगंजन हुतं. लई जड."

चार माणसांची टोळी, एका प्रश्नात. माझ्या कारकिर्दीत इतकी झटपट कबुली मिळाली नव्हती. "कुणाच्या सांगण्यावरून?" मी विचारले.

"मालकांनीच दिलं."

आनंदराव खुर्चीवरून उठले. "मी? मी माझ्या अल्फाचं इंजिन दिलं? गेनबा, तू शुद्धीवर आहेस का?"

गेनबाने त्यांच्याकडे पाहिले, आणि त्याचा चेहरा बदलला. मालक थट्टा करत नाहीत, हे त्याला तेव्हा कळले असावे. "मालक, तुमाला ठावं न्हाई?" तो हळू आवाजात म्हणाला. "बाईसायबांना इचारा मग."

आता इथे माझ्या धंद्याचा एक नियम सांगतो. बाईमाणसाला मी तपासात ओढत नाही. ब्लाउजसुद्धा मी जुन्या ब्लाउजच्या मापाने शिवतो. आणि बाईच्या पदराआड लपू पाहणारा आरोपी तर मी शेकडो वेळा पाहिला आहे, निदान पाहिला असता. "बाईंचं नाव काढायचं नाही," मी म्हणालो.

"बायकोला मोटारीतलं काय कळतं?" आनंदराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "माझ्या वडिलांच्या वेळेपासून घरात आहेस म्हणून तुला कधी गडी मानला नाही. आणि तू भर मंडळासमोर मलाच चोर ठरवतोस? जेवणं व्हायच्या आत इंजिन आणून टाक. नाहीतर मास्तर तुला चौकीत नेतील आणि गोठ्यामागची खोली आजच रिकामी होईल."

मला शिवणकामामुळे मास्तर म्हणतात, पण त्या वेळी तो शब्द फौजदारासारखा वाटला. मी छाती काढली. गेनबाने फडके पिळून दोरीवर टाकले, डोक्याचे मुंडासे काढले आणि मांडीवर घेऊन मोटारीशेजारी जमिनीवर बसला.

"म्या आता बोलत न्हाई," तो म्हणाला. "धुऊन पुसून ठेवली ही गाडी रोज. चोर म्हनायचं हुतं तर तसं म्हना. सणाच्या दिशी म्हना."

स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको सखूबाई उभी होती, हात पुरणाने भरलेले. तिने हात लुगड्याला पुसले आणि मागच्या दाराने मळ्याच्या दिशेने झपाझप निघाली.

"पलायन," मी म्हणालो. "सोनबा, तिच्या मागे जा. टोळीचा अड्डा सापडेल."

सोनबा गेला. मी तोवर गेनबाच्या तळहातांची लांबी मोजली आणि चोराच्या हातांची लांबी साधारण तेवढीच असते, असे मंडळाला समजावून सांगितले. मंडळाला माझा युक्तिवाद पटत चालला होता. पटला नाही तो फक्त पाण्याला, कारण पाट कोरडा पडला होता आणि रामभाऊंच्या मासेरातीवर अर्धा साबण तसाच वाळत होता.

सोनबा परत आला तो एकटा नव्हता. बरोबर लीलाबाई होत्या, हातात रिकामे ताट, पदर खोचलेला. मागे सखूबाई.

"दाजी, सापडलं," सोनबा म्हणाला.

"अड्डा?"

"इंजिन. विहिरीवर हाय. झेंडूची माळ घातलीय."

लीलाबाईंनी ताट मोटारीवर ठेवले, थेट त्या लाल रंगावर, आणि आनंदरावांनी हूं की चूं केले नाही. "गेनबाला कुणी म्हटलं चोर?" त्यांनी विचारले.

सोनबाने माझ्याकडे पाहिले. मेहुणा शेवटी मेहुणाच.

"अहो," लीलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मागं दुष्काळात पंपाचं इंजिन फुटलं, आठवतंय? कांदा जळायला लागला होता, विहिरीत पाणी आणि वर काढायला काही नाही. मी तुम्हाला विचारायला आले. तुम्ही ह्या दोघा भावजींना इटलीचं रंगीत पुस्तक दाखवत होता. मी म्हटलं, मोटारीतलं इंजिन नुसतं पडून आहे, ते बसवू का विहिरीवर? तुम्ही म्हणालात, हं."

"मी... हं म्हणालो?"

"दोनदा म्हणालात. मी परत विचारलं होतं. मग भोरहून मिस्त्री आणला. पेट्रोलवर सुरू होतं आणि रॉकेलवर चालतं. तेव्हापासून तुमचा कांदा, तुमचा ऊस, तुमच्या आंघोळीचं पाणी, सगळं त्याच्यावर आहे. गेनबा रोज ही मोटार धुतात ना, ते पाणीसुद्धा."

"आणि गोवऱ्या?" मी विचारले, कारण धागा सुटता कामा नये.

"पावसात कोरड्या कुठं राहायच्या? एवढी चांगली कोरडी जागा घरात दुसरी नाही. किल्ली माझ्याच जुडग्यात असते."

हे मी सिद्धच करत आणले होते, की काम घरातल्याच माणसाचे आहे. पण ते बोलून दाखवायला सवड मिळाली नाही, कारण सगळे मळ्याकडे निघाले होते. मीही निघालो.

विहिरीच्या काठी, पत्र्याच्या छपराखाली, लाकडी ओंडक्यांवर ते इंजिन बसले होते. झेंडूची माळ, हळदीची बोटे, नारळाचे पाणी अजून ओघळत होते. झाकणावर उठावाची परदेशी अक्षरे होती आणि प्रत्येक अक्षरात कुंकू भरले होते. लीलाबाईंनी सखूबाईला खूण केली. सखूबाईने हँडल मारले, एका झटक्यात इंजिन लागले, आणि तो घुमणारा आवाज उठला.

आनंदराव हातभर अंतरावर उभे होते. मालक झाल्यापासून त्यांनी आपल्या मोटारीचा आवाज असा समोर उभे राहून ऐकला नव्हता. रोज कानावर पडायचा, तेव्हा ते खिडकी लावून घ्यायचे. त्यांचे डोळे भरून आले. खरे सांगतो, मलाही बरे वाटले नाही.

"तुमची मोटार बंद नाही हो," लीलाबाई म्हणाल्या. "बारा महिने चालते. फक्त जागची हलत नाही."

मंडळाची इभ्रत सावरायला मी पुढे झालो. "ठीक आहे," मी म्हणालो. "आता निदान मानसिंगराव आणि रामभाऊ आपापली बॉनेटं उघडून दाखवतील, म्हणजे खरी इटालियन इंजिनं कशी असतात ते..."

"मुहूर्त टळला आता," मानसिंगराव म्हणाले.

"आमची किल्ली नसरापूरलाच ऱ्हायली," रामभाऊ म्हणाले.

लीलाबाई हसल्या. "नका उघडू, भावजी. उगीच सणासुदीला." मग मानसिंगरावांकडे वळून त्यांनी विचारले, "वेल्ह्याला तुमची पिठाची गिरणी झकास चालते म्हणतात. कशावर चालते?"

"गिरणीचं काय ते हिलाच ठावं," मानसिंगराव म्हणाले. "हिनंच टाकली, मी काय तिकडं..." आणि ते थांबले. त्यांचे तोंड उघडेच राहिले.

"मला ही युक्ती वेल्ह्याच्या वहिनींनीच सांगितली," लीलाबाई म्हणाल्या. "आणि नसरापूरच्या वहिनींना मी. त्यांच्या गुऱ्हाळाची परवा केवढी तारीफ करत होत्या. आमच्याही भेटीगाठी होतात. आम्हीही आपापलं कौतुक सांगतो."

रामभाऊ एकदम पाटाच्या कडेला बसले. एकशे दहा मैलांच्या वेगाने त्यांचा ऊस पिळला जात होता, आणि त्यांना आज कळत होते.

परत अंगणात आलो तेव्हा गेनबा तसाच बसला होता, मुंडासे मांडीवर. आनंदराव त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी आभाळाकडे पाहिले.

"नुसतं उभं राहून भागणार नाही," लीलाबाई म्हणाल्या. "सणाच्या दिवशी त्यांच्या तोंडावर चोर म्हटलंय. तसंच तोंडावर फेडा. त्याशिवाय पानं वाढणार नाहीत."

आनंदराव वाकले. मुंडासे त्यांनी स्वतः उचलले, झटकले आणि दोन्ही हातांनी पुढे केले. "गेनबा, चुकलो मी," ते म्हणाले. "खोली तुझीच आहे. हे डोक्यावर घाल."

गेनबाने लगेच घेतले नाही. मालकाला थोडा वेळ तसेच ओणवे राहू दिले, मग मुंडासे घेतले आणि सावकाश बांधले. "मला म्हनलात त्याचं न्हाई, मालक," तो म्हणाला. "सखूनं ऐकलं त्याचं लागलं." मग त्याने आभाळाकडे नजर टाकली. "पावसाचं दिसतंय. गाड्या छपरात घेतो. बैल चरायला सोडल्यात पन."

"बैल कशाला?" लीलाबाई म्हणाल्या. "ही एवढी माणसं आहेत की. गेनबा, तुम्ही आत बसा."

गेनबा आधी नको म्हणाला. मग ओल्या पायांचा चिखल पायपुसण्याला पुसून तो अल्फा रोमिओच्या चाकामागे बसला. इतकी वर्षे धुतलेल्या त्या मऊ गादीवर तो पहिल्यांदाच टेकला होता. आम्ही चौघांनी मागून हात लावले. सोनबा बाजूला राहून बघत होता, कारण खोळ धरायला कुणी तरी हवे होते.

"मास्तर," लीलाबाई मला म्हणाल्या, "ही खोळ मोटारीला आखूडच आहे. ही उसवून विहिरीवरच्या इंजिनाला बेताची करून द्या. ते पावसात भिजतं."

असा या प्रकरणाचा छडा मी लावला. माझ्या तपासामुळेच सखूबाई मळ्यात गेली, सखूबाईमुळे सोनबा गेला, आणि पुढचे तुम्हाला ठाऊक आहेच. मोटार हलली. मळ्याकडून तिचे इंजिन घुमत होते आणि मोटार इकडे आमच्या जोरावर पुढे सरकत होती.

"मास्तर, ऐकताय?" आनंदराव धापा टाकत माझ्या कानाशी म्हणाले. "तो आवाज. माझी अल्फा. ह्या दोघांच्या इंजिनाला असा आवाज नसणार."

"आमची गिरणी एकदा ऐका, मग बोला," मानसिंगराव पलीकडून म्हणाले.

गेनबाने चाक वळवले आणि खिडकीतून मागे डोकावून पाहिले.

"मालक," तो म्हणाला, "जरा जोर लावा."